एकतीस आणि सतरा

नवस निम्म्यावर असताना ऑपरेशनची तारीख अलीकडे आली, आणि मी डॉक्टरांशी चक्क खोटं बोलायचं ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी उगाच मोठी भक्तीण समजायला नको. मी शाळेत गणित शिकवते. आवाज मोठा, राग नाकावर आणि प्रत्येक गोष्ट मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्या, भाजीवालीच्या टोपलीतली वांगी, देवापुढचे नमस्कार, सगळं मनातल्या मनात मोजून होतं. देवाशीही माझं वागणं असंच होतं. मी माझं काम चोख केलं, आता तुझी पाळी. आम्ही तंजावूरचे मराठी. पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि चिडलो की दोन्ही. मला देवनागरी लिहिता येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. पुण्याच्या एका मैत्रिणीने हे लिखाण तपासून दिलं आहे, तरीही कुठे जुनाट वाटलं तर चूक पोटात घालावी.

भार्गवी आमची एकुलती एक मुलगी. ती बारा वर्षांची असताना शाळेचा गणवेश शिवणाऱ्या बाईने मला सांगितलं, "टीचर, पोरीचा उजवा खांदा वर आहे, माप बसत नाही." मी घरी येऊन भार्गवीलाच ओरडले. पोक काढून बसतेस, दप्तर एकाच खांद्याला लावतेस, सरळ बस! पुढचे पाच-सहा महिने मी दिवसातून दहा वेळा तिला 'सरळ बस' म्हणत होते, आणि ती बिचारी सरळच बसत होती. पाठीचा कणाच सरळ नव्हता. एक्स-रे पाहिला तेव्हा ते कळलं. मी रोज फळ्यावर कोन काढून दाखवते, आणि इथे माझ्या मुलीच्या पाठीत एक कोन निघाला होता. पट्टा लावून झाला, व्यायाम झाले, तेलं झाली. चौदाव्या वर्षी तो कोन एकाहत्तर अंशांवर गेला. दोन जिने चढली की तिला धाप लागायची. ती ओढणी अशी काही घ्यायची की मागून कुणाला कळू नये, आणि शाळेच्या प्रार्थनेला नेहमी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभी राहायची.

आमच्या गावातल्या एका इस्पितळात दरवर्षी दहा दिवस मणक्याच्या शस्त्रक्रियांचं शिबिर भरतं. परदेशातून आणि आपल्या देशातूनही मोठे सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका स्वतःच्या रजा टाकून येतात. विनामूल्य ऑपरेशनं करतात आणि त्याच वेळी इथल्या तरुण डॉक्टरांना हाताशी धरून शिकवतात. आमच्या भार्गवीचं नाव त्या यादीत लागलं. ऑपरेशन करणार होते इथलेच डॉक्टर सेल्वम, आणि त्यांच्या बाजूला शिकवणारे मोठे डॉक्टर उभे राहणार होते. हे ऐकल्यावर माझा जीव निम्मा झाला. सेल्वम म्हणजे पस्तिशीचा मुलगा. गालावर खळी, बोलताना पेन उघडझाप करायची सवय. माझ्या मुलीच्या पाठीवर हा शिकणार? मी विचारलं तर ते म्हणाले, "अम्मा, मी एकटा करणार नाही. आणि एकट्याला येईपर्यंत ते मला सोडणार नाहीत." उत्तर चांगलंच होतं. पण आईची काळजी चांगल्या उत्तराने जात नाही.

म्हणून मी मारुतीरायाला धरलं. आमच्या शेजारच्या मामींनी मला शेपटीचं व्रत सांगितलं. आमच्याकडे पुष्कळ बायका ते करतात. मारुतीची लांब शेपटी असलेली तसबीर घ्यायची आणि शेपटीच्या मुळापासून सुरुवात करून रोज एक चंदनाचा ठिपका लावायचा, वर कुंकू. एक दिवस, एक ठिपका. असे अठ्ठेचाळीस दिवस केले की एक मंडलम पुरं होतं आणि मनातलं मारुती पुरं करतो. माझ्यासारखीला हे व्रत म्हणजे मेजवानीच होती! ऑपरेशनची तारीख मला ठाऊक होती. मी कॅलेंडर समोर घेऊन उलटं मोजलं आणि अशा दिवशी सुरुवात केली की अठ्ठेचाळिसावा ठिपका बरोबर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पडावा. इतका नेमका बेत आखल्याबद्दल मी स्वतःवरच खूश होते. मारुतीलाही कौतुक वाटत असेल, असं मनात येऊन गेलं. आता आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते.

सत्ताविसाव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. शिबिराच्या तारखा बदलल्या होत्या. पाहुणे डॉक्टर लवकर येणार होते, मुलीला तीन दिवसांनी दाखल करा, त्यानंतर दोन दिवसांनी ऑपरेशन. भार्गवीने टाळी वाजवली. तिच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वीज खात्यातल्या साहेबांना लगेच रजेसाठी फोन लावला. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बोटं मोजली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकतीस ठिपके होणार होते. सतरा कमी पडत होते. मोडलेला नवस घेऊन मी मुलीला टेबलावर कशी झोपवू? मी सगळ्यांवर चिडले, देव सोडून. देवाची भीती वाटत होती.

दाखल केलं त्या दिवशी दुपारी वॉर्डात एक पाहुण्या डॉक्टरीण भार्गवीला तपासून गेल्या. साठीच्या पुढच्या, उंच, बारीक कापलेले पांढरे केस, कोटावर लांबलचक परदेशी आडनाव. सेल्वमशी आणि परिचारिकांशी त्या भराभर इंग्रजीत बोलत होत्या. तपासून झाल्यावर त्या तिथेच खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून कागद वाचत होत्या, आणि मी नवऱ्याला खिडकीशी ओढलं. तंजावूरच्या आम्हा लोकांची ही जुनीच सवय आहे. बसमध्ये, दुकानात, लग्नात चारचौघांदेखत काही गुपित बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. मराठी म्हणजे आमची बंद खोली. मी बिनधास्त म्हटलं, "अहो, उद्यां विचारलें तर पोरीला ताप आला होता म्हणून सांगूं. दोन वेळ शिंकलीही म्हणूं. मंडलम पुरें होऊं दे, मग करूं दे त्यांस."

नवरा म्हणाला, "कसाला असलें? डाक्टर लोकांशीं लटकें बोलूं नये."

"तुम्ही सुम्मा, गप ऱ्हा. मीच बोलतें."

कागदावरून मान वर न करता त्या पाहुण्या बाई म्हणाल्या, "ताप नाही हो तिला. मी आत्ताच बघितलं की."

मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या निघाल्या! लग्नानंतर चाळीस वर्षं परदेशात, आडनाव नवऱ्याचं, मराठी मात्र जशीच्या तशी खणखणीत. नवरा तोंडावर हात ठेवून खोकल्याचं सोंग करत होता. तो हसत होता हे मला पाठमोरीलाही कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. "लटकं! हा शब्द मी शाळेत असताना ऐकला होता शेवटचा. अजून बोला की," असं म्हणून त्या चक्क खाटेवर बसल्या. मग माझा बांध फुटला. मी त्यांना व्रत सांगितलं, मोडतंय म्हणून सांगितलं, किती दिवस राहिले तो आकडा मात्र सांगितला नाही, कारण तोवर हुंदका आला होता. इतकंच म्हटलं, थोडे दिवस थांबा, आमचे सेल्वम डॉक्टर नंतर करतील ना?

त्यांनी मला उगीच गोड बोलून फसवलं नाही. दहा दिवसांनी त्यांची टोळी जाणार. ऑपरेशन चालू असताना पायांच्या नसांचे संदेश तपासणारं यंत्र आणि ते वाचणारा माणूस त्यांच्याबरोबर जाणार. एवढा मोठा बाक असलेली पाठ सेल्वम त्याशिवाय उघडणार नाही, आणि उघडू नये. म्हणजे पुढचं शिबिर, म्हणजे एक वर्ष. वर्षभरात बाक कुठवर जाईल, आणि फुप्फुसांना किती जागा उरेल, ते त्यांनी हाताची ओंजळ हळूहळू मिटत नेऊन दाखवलं. मग त्या भार्गवीकडे वळल्या. "हिला विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं मी तिच्यासाठी धावत होते, नवस बोलत होते, आणि तिला काय वाटतं हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. भार्गवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं तमिळमध्ये. चादरीचं टोक चुरगाळत ती एका दमात बोलून मोकळी झाली. मॅडमना तमिळ येत नव्हतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय म्हणाली, सांगा." माझ्या मुलीचं बोलणं मलाच मराठीत सांगावं लागलं. मी सांगितलं, ती म्हणते, मला याच वर्षी करायचं आहे. शेवटच्या रांगेत उभं राहून कंटाळा आलाय. ती म्हणते, मला भीती वाटत नाही, भीती अम्माला वाटते. शेवटचं वाक्य मी भार्गवीकडे न बघता सांगितलं. मॅडम माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कागदावर सही आत्ता नको. उद्या संध्याकाळी करा. नाही केलीत तरी मी रागावणार नाही. पण उद्या पाच वाजता इथे बसा, काम आहे."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी रिक्षा करून घरी आले, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत. अंघोळ केली आणि एकतिसावा ठिपका लावला. आणि मग मी काय केलं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, इथे लिहिते. सहाणेवर चंदन पुष्कळ उरलं होतं. उरलेली सगळी शेपटी आत्ताच ठिपक्यांनी भरून टाकली तर? कोण बघतंय? मी बोट चंदनात बुडवलंसुद्धा. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करते, आणि इथे मीच देवघरात कॉपी करायला बसले होते. हात पुढे जाईना. मी मारुतीला म्हणाले, "मला काही समजत नाही. सही करूं कां नको, तूंच कायतें सांग." आणि चंदन धुऊन टाकलं.

संध्याकाळी पाच वाजता भार्गवीला पालथं झोपवलं. पाठ उघडी, बाकी अंगावर चादर. सेल्वमच्या हातात जांभळ्या शाईचं पेन होतं आणि कपाळावर घाम. मॅडमचा शिकवण्याचा एक नेम होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकणाऱ्या डॉक्टरने एक्स-रेकडे न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून रुग्णाचे मणके पाठीवर आखायचे. "यंत्रं बंद पडतात," त्या म्हणाल्या, "बोटं बंद पडत नाहीत." मानेच्या पायथ्याशी एक हाड उठून दिसतं, ते सोडून त्याच्या खालच्या मणक्यापासून सुरुवात करायची आणि कमरेपर्यंत प्रत्येक मणक्यावर एक ठिपका.

सेल्वम आखू लागला. भार्गवीला गुदगुल्या होत होत्या, ती उशीत तोंड खुपसून खिदळत होती. मी सवयीप्रमाणे ओठातल्या ओठात मोजत होते. तेव्हा मनात दुसरं काहीच नव्हतं, खरंच नव्हतं. ठिपके वाकड्या ओळीत खाली गेले आणि सेल्वम थांबला. मी हळूच म्हटलं, "सोळा." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग सेल्वमकडे. "टीचर बरोबर मोजतात. सोळा झाले. एक कुठे गेला?" सेल्वमचा चेहरा पडला. त्यांनी त्याला ओरडलं नाही. बाक आतल्या बाजूने वळतो तिथे मणके एकमेकांवर चेपलेले असतात, त्या खिंडीत एक मणका बोटाला चकवा देऊन जातो, म्हणाल्या. उद्या हाच चकला तर स्क्रू भलत्याच हाडात जाईल. "पुस. पुन्हा आख. डोळे मिटून."

स्पिरिटचा बोळा फिरला, भार्गवी "अय्यो, गार!" म्हणून ओरडली, आणि पाठ पुन्हा कोरी झाली. या वेळी त्याने डोळे मिटले. मला वाटायचं, हा पेनाशी चाळा करणारा मुलगा. आता त्याचं बोट माझ्या मुलीच्या पाठीवरून इतकं सावकाश, इतकं जपून खाली येत होतं की मीही श्वास रोखला. सातव्या-आठव्याशी तो अडला. मागे गेला. बोटाच्या टोकाने दोन हाडांमधली फट शोधली. तिथे एक ठिपका दिला, आणि पुढे निघाला. मी आता मोठ्याने मोजत होते, मराठीत, वर्गात मोजते तशी. चौदा. पंधरा. सोळा. शेवटचा ठिपका पडला आणि मी म्हटलं, "सतरा."

"सतरा," मॅडम म्हणाल्या. "बरगड्यांचे बारा, कमरेचे पाच. पूर्ण झाले."

पूर्ण झाले! तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एकतीस आणि सतरा. मी गणिताची बाई, ही बेरीज मला कुणी करून द्यायला नको होती. घरी तसबिरीवर एकतीस ठिपके होते, आणि उरलेले सतरा माझ्यासमोर होते. वळणं घेत खाली उतरणारी ती ठिपक्यांची ओळ माझ्या लेकीच्या पाठीवर लावलेली होती, आणि लावणारा होता तो मुलगा, ज्याच्या हातात तिला द्यायला मी घाबरत होते. मी उभीच राहिले. तोंडातून एकदम इतके शब्द फुटले की मराठी, तमिळ, इंग्रजी सगळं एकत्र बाहेर पडलं. सेल्वमला वाटलं त्याचं काही चुकलं. मॅडमना मी आकडा आता सांगितला. त्या म्हणाल्या, "मी हे प्रत्येक पेशंटला करायला लावते हो. मुद्दाम नाही केलं." नवरा तर त्याहून शहाणा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अगो, सगळ्यांच्याच पाठींत सतराच असतात." मी म्हटलं, तेंच तर! सगळ्यांच्या पाठीत असतात. माझ्याही, तुमच्याही, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या. मी सतरा दिवस कुठून आणू म्हणून रडत होते, आणि ते मी जन्मापासून पाठीवर घेऊनच हिंडत होते. याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी वाद घालत नाही. मी आत गेले आणि सही केली.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. त्या दिवशी मी घरी गेले नाही, ठिपका लावायचा उरलाच नव्हता. पहिले चार तास मी अगदी उत्साहात होते. नवऱ्याला बळेबळे इडली खायला लावली, पापनाशमहून आलेल्या एका बाईला कालची सगळी हकीकत तिखटमीठ न लावता दोनदा सांगितली. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन दोन दिवसांपूर्वी झालं होतं. मला वाटत होतं, आता काय चिंता, देवाने पावती दिली आहे. पाचव्या तासाला दार उघडलं आणि एक परिचारिका बाहेर आली. तिने जे सांगितलं ते असं: सळई बसवून कणा सरळ करत असताना डाव्या पायाकडून येणारा संदेश यंत्रावर एकदम क्षीण झाला. डॉक्टरांनी हात थांबवला आहे. सळई सैल केली आहे. वाट बघताहेत. तुम्हीही वाट बघा. एवढं बोलून ती आत गेली.

माझी सगळी धुंदी एका क्षणात उतरली. लेकीचे पाय. सरळ पाठीच्या हौसेपायी मी तिचे चालते पाय घालवून बसले का? मी सवयीने काहीतरी मोजायला बघत होते. फरशा, पंख्याची पाती, नामाची आवर्तनं. काही म्हणजे काही मोजता येईना. तीनच्या पुढे आकडा जाईना. कालच्या खुणेलाही धरून ठेवता येईना. मला तेव्हा लख्ख कळलं की मी कालपासून त्या खुणेलाही हमी मानून बसले होते. नवस गेला आणि खूण आली, पण देवाला बांधून घालायची माझी दोरी तशीच होती. आणि मारुतीची जुनी गोष्ट मनात आली. औषधाची मुळी ओळखता येईना तेव्हा त्याने सगळा डोंगरच उचलला होता. मी हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. नुसतं म्हटलं, "मला काय मागायचं तेंही ओळखूं येत नाही. पाठ मागूं, पाय मागूं, कळत नाही. सगळाच डोंगर तूं उचल." त्यापुढे मी काहीच मागितलं नाही. पापनाशमची ती बाई शेजारी येऊन बसली होती, तिने माझा हात हातात घेतला होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यातला तो एकच तासदीडतास असेल जो मी मोजलेला नाही. आणि आश्चर्य असं की भीती होतीच, पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी पाय टेकत होते.

मग दार धाडकन उघडलं आणि सेल्वम स्वतः बाहेर आला. टोपी घामाने डोक्याला चिकटलेली, मास्क गळ्यात. त्याने तोंड उघडलं, पण शब्दच येईना. मग त्याने काय करावं? भिंतीला एक हात टेकून त्याने आपल्या रबरी चपलेतून डावा पाय बाहेर काढला, आमच्यासमोर वर धरला आणि पायाची बोटं हलवून दाखवली. मग उजवा काढला आणि तीही हलवली. एवढा मोठा सर्जन, आणि इस्पितळाच्या मधल्या वाटेत एका पायावर उड्या मारत बोटं हलवून दाखवतो आहे! मी किंचाळलेच. पापनाशमच्या बाईने टाळी वाजवली. नवरा, जो आमच्या लग्नातही रडला नव्हता, तो खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडला.

पुढे सगळं नीट सांगितलं त्यांनी. सळई सैल केल्यावर संदेश हळूहळू परत आला होता. तरी खात्रीसाठी भूल हलकी करून भार्गवीला अर्धवट जागं केलं, पाय हलव म्हटलं, आणि तिने दोन्ही पाय हलवले. बाक पुरता सरळ करण्याचा हट्ट सोडून, नसा जेवढं सहन करतील तेवढाच सरळ केला. संदेश क्षीण झाला तेव्हा हत्यार सेल्वमच्या हातात होतं, आणि मॅडम काही बोलायच्या आधी तोच थांबला होता. तो मला म्हणाला, "अम्मा, इतके मोठे लोक बघत असताना हात थांबवायचा, याचीच मला जास्त भीती वाटायची." मी त्याला सांगितलं नाही, पण बाहेर बाकावर मीही त्याच वेळी तेच शिकत होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मॅडम दरवर्षी येतात. मागच्या शिबिरात सेल्वमने ऑपरेशन केलं आणि त्या हात मागे बांधून नुसत्या उभ्या होत्या, असं परिचारिकांनी मला सांगितलं. आता आणखी एक तरुण डॉक्टरीण सेल्वमच्या हाताखाली डोळे मिटून मणके मोजते. दूरदेशीहून रजा काढून येणारी ही माणसं माझी कोण? ना ओळख, ना पाळख, ना कसली अपेक्षा. देव आला का, हे मला ठाऊक नाही. पण येणाऱ्यांना कोणीतरी धाडलं, एवढं मी मानते आणि रोज सकाळी त्या सगळ्यांना मनात नमस्कार घालते. मला आधी वाटायचं की शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं. तसं नाही. सगळं करायचं, डॉक्टर गाठायचे, सही करायची, आणि मग आपली मूठ उघडायची. मूठ उघडणंच अवघड असतं. मला ते एकदा जमलं, तेही गळ्याशी आल्यावर. रोज जमतं असं खोटं सांगणार नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी भार्गवीला प्रथम उभं केलं. दोन परिचारिका दोन्ही बाजूंना होत्या, मी समोर. तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि पाय जमिनीवर टेकले. ओठ दाबून ती उठत गेली, उठतच गेली, आणि मला मान वर करून बघावं लागलं. चार दिवसांपूर्वी ही पोर माझ्याहून बोटभर बुटकी होती. मला हुंदका आवरेना. माझे खांदे गदगदू लागले, तशी ती घाबरून वरून म्हणाली, "अम्मा, रडू नकोस ना. तू हललीस तर मी पडेन."

मी हलले नाही.